शेवंती, देठासकट

आमच्या घरात फुलांना वास नव्हता. असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारी काहीतरी अलंकारिक बोलते आहे. पण खरंच नव्हता. बाळापूरच्या अलीकडे नदीकाठाला आमचं गाव, गावाच्या कडेला आमचा मळा आणि मळ्यातच आमचं मातीचं घर. ओसरीवर ओली पोती अंथरलेली आणि त्यांवर फुलांचे ढीग. शेवंती, झेंडू, गलांडा, निशिगंध, ज्याचा मोसम असेल ते. जन्मल्यापासून नाकात तेच भरलेलं, त्यामुळे नाकानं त्याची दखल घेणं सोडून दिलं होतं. शाळेतल्या मैत्रिणी माझ्या वह्या हातात घेऊन म्हणायच्या, तुझ्या वहीला किती छान वास येतो. मी घरी आल्यावर ती वही नाकाला लावून बघायचे. मला कागदाचा वास यायचा आणि कंदिलाच्या घासलेटाचा. त्या मला चिडवतात असंच मी बरेच दिवस धरून चालले होते.

विहिरीवरचं इंजिन फटफटायला लागलं की आमचा दिवस सुरू व्हायचा. उजाडताना फुलं तोडायची, दव सुकायच्या आत ओल्या पोत्यावर आणायची, मग माय आणि मी हार ओवायला बसायचो. बाबा टोपल्या घेऊन अकोल्याच्या पहिल्या एसटीनं निघून जायचे. माझी मोठी बहीण लग्न होऊन अंजनगाव सुर्जीला गेली, तेव्हापासून तिचे दोन हातही माझ्याच वाट्याला आले होते. फूल तोडायची आमची रीत ठरलेली होती. अंगठ्याचं नख फुलाच्या मानेखाली लावायचं, तर्जनीनं वरून दाबायचं, टक. देठ ठेवायचा नाही. देठ राहिला की हारात फूल वाकडं बसतं आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. पान तर चुकूनही नको. टोपलीत एखादं पान सापडलं की बाबा ते दोन बोटांत उंच धरून विचारायचे, हे कोनं तोडलं? ज्यानं तोडलं त्याच्या वाट्याची जवसाची चटणी त्या दिवशी दुसऱ्याच्या ताटात जायची. माझे हात घरात सगळ्यांत चपळ. मी डोळे मिटून फुलं तोडू शकायचे आणि बरेचदा डोळे मिटलेलेच असायचे, कारण झोप झालेली नसायची.

नऊच्या सुमारास माय चुलीपाशी बसायची. ज्वारीची गरम भाकर, झुणका, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, आणि ती चटणी, वर कच्चं तेल. हात कितीही धुतले तरी शेवंतीचा कडवटपणा बोटांवरून जात नसे. पहिल्या दोन घासांना तो लागायचाच. लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हा कितीतरी महिने मला स्वतःच्या हातची भाकर अळणी वाटायची. मीठ वाढवून पाहिलं, पीठ बदलून पाहिलं. काय कमी पडतं आहे ते लक्षात यायला वर्ष गेलं.

शाळा बाळापूरला. वर्गाच्या खिडकीतून किल्ल्याचा तट दिसायचा. सातवीपर्यंत चित्रकलेचा तास आमच्या वेळापत्रकात होता, पण तो गणिताचे सर घ्यायचे आणि त्यात गणितच शिकवायचे. मग वानखडे सर आले. ते मोझरीकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या घरात शाळेची पायरी चढलेले ते पहिले, आणि शिकून झाले काय तर चित्रकलेचे मास्तर. त्यांच्या वडिलांना म्हणे घरात वकील पाहिजे होता. हे ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. अंगानं बारीक, आवाज मोठा, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. पहिले पंधरा दिवस त्यांनी आम्हाला पेन्सिल धरूच दिली नाही. टेबलावर एखादी वस्तू ठेवायची आणि विचारायचं, काय दिसते सांगा. कधी पोचा पडलेला लोटा, कधी फुटकी पाटी, एकदा नुसता कांदा. आम्ही म्हणायचो, कांदा. ते म्हणायचे, ते नाव झालं, दिसते काय ते सांगा. मुलं खिदळायची. कांद्यात काय दिसायचं? पण तिसऱ्या चौथ्या तासाला कुणीतरी म्हणालं, सर, मुळ्यांना अजून माती आहे. सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी तो कांदा त्या मुलाला बक्षीस देऊन टाकला.

एक दिवस त्यांनी शाईच्या रिकाम्या दौतीत शेवंतीची एक फांदी आणून ठेवली. एकच फांदी, दोन फुलं, एक कळी, पाच सहा पानं. मी पहिल्या बाकावर होते. रोज हजारांनी फुलं माझ्या बोटांतून जात होती, पण एक फूल एकटं, देठावर उभं, खाली पानं घेऊन बसलेलं असं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे दिसलं असेल, पाहिलं नव्हतं. पान तर आमच्याकडे पाला होता, झटकून टाकायचा. आता बघते तर त्याच्या कडेला किती वळणं, वरचा हिरवा वेगळा, खालचा पांढुरका वेगळा, आणि देठ कसा जरा एका अंगाला कलून पुन्हा सरळ होतो आहे. मी पुढे वाकले आणि मला शेवंतीचा वास आला. आयुष्यात पहिल्यांदा. मला एकदम रडू आलं. का ते बाकीच्यांना समजलं नाही, मलाही नाही. सरांनी काही विचारलं नाही, हे त्यांचं माझ्यावर मोठं ऋण आहे.

त्यानंतर मी चित्रं काढायला लागले. शाळेतून आल्यावर वाफ्याच्या कडेला बसायचे आणि झाडावरच्या फुलाचं चित्र काढायचे. सरांनी चित्रकलेच्या परीक्षेला बसायचं सुचवलं, त्यासाठी रविवारी सकाळी शाळेत दोन तासांचा वर्ग घेणार होते. आणि रविवार म्हणजे आमच्या घरी हारांचा दिवस, त्या दिवशी बाबाही घरीच. बाबा वाईट नव्हते, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे, कारण अशा गोष्टीत बाप लगेच वाईट ठरतो. मी शिकावं असं त्यांना मनापासून वाटायचं. माझे पाढे ते स्वतः म्हणून घ्यायचे. पण चित्र हा प्रकार त्यांच्या कुठल्याच हिशोबात बसत नव्हता. माझ्या हातातला कागद बघून एकदा ते म्हणाले, "आपल्या घरी फुलं कमी हायेत काय वं इंदू, तं कागदावर अजून काढून राहिली?"  पुढे मी चित्रकलेची बाई झाले, तेव्हा चौतीस वर्षं पालकसभेत हाच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला आणि पहिल्या झटक्याला उत्तर मला कधीच सुचलं नाही.

मायनं मध्ये शब्द टाकला. पोरीचे दोन तास मी भरून काढते म्हणाली. बाबांनी बराच वेळ सुतळी वळली आणि मग निकाल दिला. "एक डाव बसू दे. पास झाली तं तुहे ऐतवार तुले. नाई झाली तं हे रंगाचं खोकं माळ्यावर, अन् मंग माह्यापाशी त्याचं नाव काढाचं नाई." बाबांचा शब्द म्हणजे शब्द. एकदा बोलून गेले की त्यांचं त्यांनासुद्धा तो फिरवता यायचा नाही. मला पुढे काय व्हायचं आहे वगैरे तेव्हा काही ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की रविवारच्या त्या दोन तासांत मी जी असते ती बाकी आठवडाभर नसते, आणि ती मुलगी मला फार आवडायची. तिला गमवायची माझी तयारी नव्हती.

परीक्षेचा पहिला पेपर निसर्गचित्राचा. चार चार मुलींच्या मधे एक स्टूल, स्टुलावर पाण्याची बाटली आणि बाटलीत कुणाच्या तरी बंगल्यातून मागवलेली शेवंतीची फांदी. शेवंती पाहून माझा जीव भांड्यात पडला. आपल्या घरचंच फूल निघालं म्हणून मी मनातल्या मनात पास होऊनही टाकलं. कागद वाटायला वेळ लागत होता. परीक्षक बाई दारातल्या कुणाशी तरी बोलत होत्या. मी खिडकीतून किल्ल्याच्या तटाकडे बघत होते आणि पास झाले तर बाबांचा चेहरा कसा होईल याचा विचार करत होते. फांदी माझ्या हाताच्या टप्प्यात होती. बाकी काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण हातांना डोळ्यांची गरजच नव्हती. समोरची मुलगी ओरडली तेव्हा मी खाली बघितलं. माझ्या मांडीवर परकराच्या ओच्यात चार फुलं आणि दोन कळ्या, मानेखाली बरोब्बर तोडलेल्या. पायाशी पाला. आणि बाटलीत एक उघडी बोडकी काडी.

मी मुद्दाम केलं असंच सगळ्यांना वाटलं. दुसऱ्यांनी चित्र काढू नये म्हणून फांदी मोडली, असं समोरची मुलगी रडत रडत सांगत होती. बाईंनी त्या तिघींना दुसऱ्या गटांत बसवलं. जादा फांदी नव्हती. मला त्या म्हणाल्या, तू जे ठेवलं आहेस तेच काढ. मी तीन तास त्या काडीपुढे बसले. काडी काढली, बाटली काढली, पाणी काढलं. पाण्यात काडी कशी वाकडी दिसते तेही काढलं. पण पेपरात फुलं आणि पानं असलेली फांदी मागितली होती. शाळेत माझं नाव त्या आठवड्यात काडी पडलं आणि दहावीपर्यंत तेच राहिलं. आजही बाळापूरच्या बाजारात एखादी पिकल्या केसांची बाई मला काडी म्हणून हाक मारते आणि मी ओ देते.

वानखडे सर आधी भयंकर चिडले. मग त्यांनी मला शाळेच्या बागेत नेलं, झेंडूच्या झाडापुढे उभं केलं आणि म्हणाले, कशी तोडली ते दाखव. मी दाखवलं. टक, टक, टक. ते माझ्या बोटांकडे बघत राहिले.  निकाल लागायचा तो लागलाच. मी नापास. मी कुणी सांगायच्या आत रंगाचं खोकं माळ्यावर ठेवून आले आणि हार ओवायला बसले.  मायनं त्या दिवशी माझ्या ताटात चटणीचा जरा मोठा गोळा वाढला.

पुढच्या रविवारी सकाळी सर सायकलवरून मळ्यात आले. कॅरियरला माझ्या चित्रांची गुंडाळी बांधलेली. ऊन चढलेलं, घामानं भिजलेले, तरी ओसरीच्या बाहेरच उभे राहिले. पाणी मागताना जरा अडखळले. मायनं लोटा भरून त्यांच्या हातात दिला आणि चटई टाकली, म्हणाली, इथं वर बसा मास्तर, उन्हात कायले. त्यांच्या अडखळण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. शिकलेला, नोकरीला लागलेला माणूस पाणी मागायला का थांबतो, हे समजायला मला आणखी काही वर्षं आणि थोडी लाज लागली.

बाबा पोत्यावर शेवंती निवडत होते. सर त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "भाऊ, चूक माही हाये. वर्षभर या पोरीले फुलं काढाले शिकवली, अन् तिचे हात घरी काय करतात हे एक डाव बी इचारलं नाई."

बाबा म्हणाले की ते बोलून गेले आहेत, एक डाव म्हणजे एक डाव. सरांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, परीक्षेचं राहू द्या, पण तुम्हाला फुलातलं कळतं, म्हणून ही चित्रं तेवढी बघून द्या. आणि गुंडाळी सोडून पुढे ठेवली. बाबांनी धोतराला हात पुसले. पहिला कागद घेतला, लांब धरला, जवळ आणला. मला वाटलं, आता परत देतील. त्यांनी तो पोत्याच्या डाव्या बाजूला ठेवला. दुसरा उजवीकडे. तिसरा पुन्हा डावीकडे. ते चित्रं निवडत होते. रोज सकाळी फुलं निवडतात तशी, आणि आपण तसं करतो आहोत याचा त्यांना पत्ताही नव्हता. माझ्यासारखेच त्यांचेही हात डोक्याला न विचारता चालत होते.

"हे कालचं," ते स्वतःशीच म्हणाले. "बाहेरच्या पाकळ्या मांगं गेल्या पाह्य. हे पानी देल्यावरचं, मान जड झाली." मग एका कागदावर थांबले. "हे लिंबाखालच्या वाफ्यातलं. उनासाठी मान लांबवून राहिलं."

मी ते चित्र लिंबाखालीच बसून काढलं होतं. कागदावर ना लिंब होता ना सावली, नुसती एक फांदी.  ज्या माणसाला मी आजवर फुलं न बघणारा समजत होते, त्याला प्रत्येक फुलाचा पत्ता पाठ होता. त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सर तर मायनं आणून दिलेला हातातला चहा विसरून पुढे सरकून बसले होते.

शेवटचा कागद बाबांनी कुठल्याच ढिगात ठेवला नाही. त्या चित्राखाली लाल शाईनं सरांनी लिहिलेलं 'उत्तम' होतं. माझं सगळ्यांत देखणं चित्र ते, गोल फूल, दोन्ही बाजूंना सारखी पानं. सगळ्या वर्गाला दाखवलं गेलेलं.

"हे कोठचं?" बाबांनी विचारलं.  त्यांनी ते जरा वेळ अजून पाहिलं आणि खाली ठेवलं. "हे फूल कोनंच पाह्यलेलं नाई."

"खरं हाये, भाऊ," सर म्हणाले. "ते पुस्तकातलं. उतरवाले मीच देल्लं होतं." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलेल्या 'उत्तम'वर काट मारली. शिक्षकानं स्वतःचा शेरा खोडलेला मी तोवर पाहिला नव्हता. नंतरही फारसा पाहिला नाही, मी धरून.

मग बाबा माझ्याकडे वळले. चित्राविषयी ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. "अन् पानं, इंदू? सारी धडधाकट. एक बी खाल्लेलं नाई, एकावर बी डाग नाई. असं झाड नसते."

ते खरंच होतं. किडकं पान दिसलं की मी ते चित्रात घ्यायचेच नाही, नाहीतर चांगलं करून घ्यायचे. टोपलीत जे चालत नाही ते कागदावर कसं चालेल? चित्र म्हणजे चांगलं तेवढं उचलायचं, असाच माझा समज होता.  बाबांनी पुन्हा फुलं निवडायला घेतली आणि सर सायकलला टांग मारून निघून गेले. परीक्षेबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. पुढच्या रविवारी मी ओसरीवर आले तर हाराच्या सुईशेजारी रंगाचं खोकं ठेवलेलं होतं, वरची धूळ पुसून. बाबांनी 'हो' म्हटलंच नाही. म्हटलं असतं तर शब्द फिरवल्यासारखं झालं असतं.

अमरावतीच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवली, तिथे मुलं माझ्या तासाला मोकळा तास म्हणायची. सुरुवातीला गणिताचे, इंग्रजीचे सहकारी येऊन म्हणायचे, बाई, तुमचा तास देता का, पोर्शन राहिला आहे. मी द्यायचे. आपलं काय, चित्रंच तर काढायची आहेत, असं मलाही आतून वाटत असावं. एके वर्षी मी देणं बंद केलं आणि शाळेत भांडखोर बाई म्हणून प्रसिद्ध झाले. गेल्या महिन्यात माझी नात अकोल्याहून आली होती. शाळेत 'माझा आवडता पक्षी' काढायला सांगितलं होतं, तर तिनं मोबाईलवर मोर शोधला, त्यावर कागद ठेवून गिरवला आणि दहा मिनिटांत मोकळी झाली. बाईंनी पाच तारे दिले. मी तिला विचारलं, तुझा आवडता पक्षी खरंच मोर आहे का? ती म्हणाली, नाही गं आजी, कावळा, आमच्या खिडकीत रोज येतो, त्याचा एक पाय वाकडा आहे. मग कावळा का नाही काढलास? तर म्हणे, तो सुंदर नाही ना. मला त्या बाईंचा राग आला आणि मग आठवलं की माझ्या चित्राखालीही कधी उत्तम लिहिलेलं होतं. शिक्षणात सौंदर्याचं काय काम, असं मला विचारतात तेव्हा मी हल्ली त्या वाकड्या पायाच्या कावळ्याबद्दल सांगते. ज्या मुलाला तो पाय दिसला आणि काढावासा वाटला, ते मूल पुढे गणितातही खोटं उत्तर पचवून घेणार नाही, असा माझा अनुभव आहे. सगळ्यांनाच हे पटतं असं नाही. माझ्या मुलीला पटत नाही, आणि ती गणित शिकवते.

असो. रंगाचं खोकं खाली आलं ते वर्ष आमच्या घरात फार गमतीचं गेलं. संध्याकाळी मी चित्र काढून ओसरीवर आणायचे आणि बाबा भाकर खाता खाता ते तपासायचे. हे पान अळीनं खाल्लं की टोळानं? अळी असं खात नाही, ती कडेपासून खाते. जा, पाहून ये. मी हातात घास घेऊन वाफ्याकडे पळायचे. माय म्हणायची, आता पोरीबरोबर किड्यायलेबी शाळेत घाला. वर्षानं परीक्षा पुन्हा आली. आदल्या दिवशी जेवताना बाबांनी मला एकच गोष्ट सांगितली. "उद्या पह्यले पाच मिनिटं हात मांडीखाली ठेवजो. नुसतं पाह्य. हाताले घाई असते, डोळ्याले नसते." पुढे माझ्या प्रत्येक वर्गात चित्रकलेचा तास असाच सुरू झाला, साठ मुलं हात मांडीखाली दाबून बसलेली. तपासणीला आलेल्या एका साहेबांना वाटलं मी मुलांना शिक्षा केली आहे.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा घरात नव्हते. अकोल्याला गेले असतील असं मी धरलं. मैत्रिणीबरोबर शाळेत पोचले, वर्गात माझा बाक शोधला आणि स्टुलावरच्या बाटलीकडे पाहिलं. शेवंती. आमची शेवंती, हे मला देठावरून कळलं, कारण तिचा तो कलून सरळ होणारा देठ मी वर्षभर काढत होते. बाटल्यांसाठी फांद्या कुठून आणायच्या हा प्रश्न वानखडे सरांनी कसा सोडवला, ते ध्यानात आलं. ज्या माणसानं जन्मात कधी फुलाला देठ ठेवला नव्हता, त्यानं पहाटे उठून वीतभर देठासकट, पानांसकट फांद्या छाटल्या होत्या, तिरका काप देऊन, पाणी नीट चढावं म्हणून.

मी हात मांडीखाली घातले आणि बघायला लागले. दोन फुलं, आजची. एक कळी, उद्या उमलणारी. वरची पानं कोवळी. आणि खालून तिसरं पान अळीनं खाल्लेलं, कडेपासून आत, खाल्लेल्या जागी तपकिरी किनार.  बाबांच्या हातून किडकं पान सुटलं? ते तर टोपलीतलं पान दहा हातांवरून ओळखायचे. घाईत राहिलं असेल, असं म्हणून मी शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं. तिथल्या फांदीवरही एक पान खाल्लेलं होतं. मागे वळून पाहिलं, तिथेही. पलीकडच्या रांगेत, अगदी दाराजवळच्या बाटलीतसुद्धा, प्रत्येक फांदीवर एक आणि एकच. बाकीची सगळी पानं धडधाकट.

मी कुठल्या बाकावर बसणार हे बाबांना ठाऊक नव्हतं. मी हात बाहेर घेतले आणि सगळ्यांत आधी ते पान काढलं.